वीज न पडणारी गोष्ट



रोहिण्या बरसून गेल्या, मृग लागला. तुमच्याकडं तिफणी बाहेर निघाल्या असतील, बियाण्याच्या पिशव्या ओसरीवर येऊन पडल्या असतील. अशा घाईच्या दिवसांत पत्र लिहायला सवड कुणाला? तरी एका माउलीनं मला चार पानी पत्र लिहिलं आहे. तिचं नावगाव सांगणार नाही. तिनं परवानगी दिली तेवढंच सांगते.

गेल्या वर्षी याच दिवसांत तिचा धनी वीज पडून गेला. दुपारी आभाळ भरून आलं. रानात आडोसा नव्हता, म्हणून तो बांधावरच्या लिंबाखाली थांबला. आठ वर्षांचा मुलगा त्याला भाकरी देऊन नुकताच घरी परतला होता. तेव्हापासून पोराचं बोलणं कमी झालं. आभाळात जरा काळं दिसलं की तो कणगीच्या आड जाऊन बसतो. रात्री दचकून उठतो. अंथरूण ओलं करतो. "भाकरी घेऊन जा रे" असं कुणी सहज म्हटलं तरी रडायला लागतो. शेवटी ती लिहिते, "बाई, तुम्ही मुलांच्या गोष्टी लिहिता. माझ्या लेकरासाठी एक गोष्ट लिहून द्या. पाऊस येऊ दे, ढग येऊ दे, पण वीज पडतच नाही अशी. म्हणजे त्याची भीती मोडेल."

पत्र वाचून मी दोन दिवस सुन्न होते. मग ठरवलं की उत्तर खासगी न लिहिता इथंच लिहावं. कारण असं लेकरू एकाच घरात नसतं. कुणाच्या घरी पुरानं गुरं नेली, कुणाचा भाऊ विहिरीत बुडाला, कुणाच्या बापानं कर्जापायी जीव दिला. मोठी माणसं रडून, बोलून, भांडून मोकळी होतात. पोर मात्र गप्प राहतं. "लहान आहे, विसरेल" असं आपण म्हणतो, आणि ते लेकरू विसरल्यासारखं वागायला शिकतं.

तर ताई, आधी स्पष्ट सांगते. वीज पडतच नाही अशी गोष्ट मी लिहून देणार नाही. तशी गोष्ट मी एकदा लिहिली होती. तिचं काय झालं ते ऐका.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमूनभागून माणसं झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. जी घरं उन्हाळ्यात गारवा द्यायची, तीच झोपलेल्या माणसांवर बसली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. पन्नासाहून जास्त गावं जुनी जागा सोडून दुसरीकडं वसवावी लागली. तेव्हा मी शेजारच्या तालुक्यात शिकवत होते. दिवाळीनंतर आम्हा काही शिक्षकांना तिकडच्या पत्र्याच्या शेडमधल्या शाळेवर पाठवलं.

मुलं शाळेत येत, पाढे म्हणत, खिचडी खात. पण मधल्या सुट्टीत त्यांचा एकच खेळ असे. दगड रचून घर करायचं, आत चिंध्यांची माणसं निजवायची, आणि मग लाथेनं घर पाडायचं. पुन्हा रचायचं, पुन्हा पाडायचं. बघून पोटात कालवायचं. मी एकदा रागावून तो खेळ बंद केला. आता वाटतं, तसं करायला नको होतं. जे तोंडानं सांगता येत नव्हतं ते ती मुलं हातांनी सांगत होती.

मग मी एक गोष्ट लिहिली. चिमणीचं घरटं वाऱ्यानं पडतं. दुसऱ्या दिवशी चिमणी काड्या आणते, सगळी पाखरं मदतीला येतात, नवं घरटं होतं, पिलं चिवचिवतात. मला वाटलं, छान झाली. वर्गात मोठ्या हौसेनं वाचली. मुलं ऐकून गप्प बसली. मागच्या रांगेत नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती. आई गेलेली, मामाकडं राहायची. ती म्हणाली, "बाई, ही चिमणी खोटी आहे."

मला राग आला, खोटं कशाला सांगू? पण तो गिळला आणि विचारलं, "मग खरी गोष्ट कशी आहे?"

ती पाटीकडं बघत म्हणाली, "आई फांदीवर बसली होती. बाहेर. पिलाला भीती वाटत होती, म्हणून पिलानंच तिला हाक मारून आत बोलावलं. मग घरटं पडलं."

वर्गात कुणी हललं नाही. मला एकदम उमगलं. त्या रात्री तिची आई बाहेर अंगणात निजली होती आणि हिनं तिला जवळ निजायला आत बोलावलं होतं. दोन महिने हे ओझं ते लेकरू एकटं वाहत होतं. मामाला ठाऊक नव्हतं, मामीला ठाऊक नव्हतं. सरळ विचारलं असतं तर तिनं जन्मात सांगितलं नसतं. चिमणीच्या आडून सांगितलं.

त्या दिवसापासून गोष्टीकडं बघायची माझी नजर बदलली. लेकराचं दुःख झाकायला गोष्ट आणली तर ती त्याला परकी वाटते. त्याचं दुःख जिला ठाऊक आहे अशी गोष्ट आणली, तर ते तिच्याशी बोलतं. चिमणी म्हणजे मी, हे पोराला कळतं. पण ते उघड म्हणावं लागत नाही, एवढाच तो आडपडदा. भाजलेल्या हातावर आपण ओलं फडकं धरतो ना, तसा.

त्या रात्री कंदिलाच्या उजेडात मी गोष्ट पुन्हा लिहिली. घरटं पडतं. आई परत येत नाही. पिलू मनात म्हणतं, मी हाक मारली म्हणून असं झालं. हे ते कुणाला सांगत नाही. मग एक म्हातारा कावळा त्याच्याजवळ येऊन बसतो. बरेच दिवस नुसता बसतो. एके दिवशी पिलू त्याला सांगतं. कावळा म्हणतो, "फांदी वाऱ्यानं मोडली. हाकेनं फांदी मोडत नाही. पिलानं हाक मारायची आणि आईनं जवळ यायचं, हे तर रोजचंच आहे." एवढीच गोष्ट. नवं घरटं शेवटपर्यंत झालंच नाही. ती मुलगी रडली, पुष्कळ रडली. मग म्हणाली, "उद्या पुन्हा वाचा." पुढं बावीस दिवस मी तीच गोष्ट वाचत होते.

आपल्यातल्या सगळ्यांना ठाऊक असलेलं एक पुस्तक आठवा. साने गुरुजींची आई १९१७ साली गेली. त्यानंतर पंधराहून अधिक वर्षांनी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. त्या पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस रात्री. श्याम रोज थोडं थोडं सांगतो आणि मित्र जवळ बसून ऐकतात. त्यात गरिबी आहे, कर्ज आहे, अपमान आहे, आणि शेवटी आईचं जाणंही आहे. गुरुजींनी काही लपवलं नाही. म्हणून तर पिढ्यान्‌पिढ्या मुलं ते पुस्तक वाचून रडली आणि रडून हलकी झाली. दुःख एकदम सगळं सांगायचं नसतं. रोज थोडं, कुणीतरी जवळ बसलेलं असताना सांगायचं. ही रीत आपल्याच घरची आहे.

दूरदेशीचीही एक हकीगत सांगते. पोलंडमध्ये वॉर्सा शहरात यानुश कोरचाक नावाचे डॉक्टर होते. ते अनाथ मुलांचं घर चालवत आणि मुलांसाठी गोष्टीही लिहीत. ही मुलं ज्यू. हिटलरच्या राजवटीनं त्यांना उंच भिंतीआडच्या वस्तीत कोंडलं होतं. बाहेर उपासमार आणि मरण. १८ जुलै १९४२ रोजी त्या घरात मुलांनी एक नाटक केलं. कुठलं ठाऊक आहे? आपल्या रवींद्रनाथ ठाकूरांचं 'डाकघर'. त्यातला अमल हा आजारी मुलगा खिडकीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलतो, राजाच्या पत्राची वाट बघतो आणि शेवटी शांतपणे डोळे मिटतो. पुढच्याच महिन्यात त्या मुलांना मरणछावणीत नेलं. डॉक्टरांना स्वतः सुटायची संधी होती. त्यांनी ती घेतली नाही, मुलांबरोबर गेले. नाटकानं ती मुलं वाचली नाहीत. पण मरण दाराशी असतानाही तो माणूस मुलांशी खोटं बोलला नाही, आणि त्यांना एकटं सोडलं नाही. गोष्ट सांगणाऱ्यानं एवढं तरी पाळावं.

आता ताई, तुमच्या पत्राकडं येते. त्यातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. भाकरी नेण्याचं नाव काढलं की तो रडतो. मला खात्री नाही, पण मनात येतं ते सांगते. कदाचित त्याला वाटत असेल, "मी भाकरी घेऊन गेलो म्हणून बाबा रानात थांबले. गेलो नसतो तर ते जेवायला घरी आले असते." त्याला हे सरळ विचारू नका. गोष्टीला विचारू द्या.

आणि ती गोष्ट मी लिहिणार नाही, तुम्ही लिहायची. तुम्ही म्हणाल, मी सातवी शिकलेली, मला काय येतं? अहो, त्याचा लिंब तुम्हाला ठाऊक आहे, त्याची कणगी तुम्हाला ठाऊक आहे, तो रात्री कुठल्या कुशीवर दचकतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मला यातलं काय ठाऊक? कसं लिहायचं तेवढं सांगते.

आधी ऐका, मग लिहा. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा जगभरच्या मदत संस्थांच्या गटानं मुलांसाठी गोष्टीचं एक पुस्तक काढलं. लिहिण्याआधी त्यांनी १०४ देशांतल्या सतराशेहून अधिक मुलांना, आईबापांना आणि शिक्षकांना विचारून घेतलं, तुम्हाला भीती कशाची वाटते? तुम्हाला तर एकाच लेकराचं ऐकायचं आहे. तो काय खेळतो, काय चितारतो, काय टाळतो ते आठ दिवस नुसतं बघा.

गोष्टीत माणूस नको, जनावर किंवा पाखरू घ्या. ते त्याच्या ओळखीचं असावं, पण घरातलंच नको. नाव वेगळं ठेवा.

झालेली गोष्ट साध्या शब्दांत एकदाच सांगा. "बैल झोपी गेला" असं लिहू नका. लहान पोर मग झोपायला भिऊ लागतं. "दूर गावाला गेला" असंही नको, ते वाट बघत बसतं. "मेला, परत येणार नाही" असंच लिहा. जड जाईल. पण शाळेतल्या पोरांकडून ते त्याच्या कानावर पडतच असतं. तुमच्या तोंडून आलं तर निदान त्याला तुम्हाला बिलगता येईल. मात्र मरणाचं वर्णन नको. काय जळलं, कसं दिसलं, यातलं काही नको.

अंगाला काय होतं ते लिहा. छाती धडधडते, पाय गार पडतात, घशात आवंढा अडकतो. मुलाला वाटतं हे आपल्यालाच होतं. गोऱ्ह्यालाही होतं म्हटल्यावर त्याची लाज कमी होते. अंथरूण ओलं होतं तेही येऊ द्या, हसू न करता.

चूक कुणाची नव्हती, हे गोष्टीतल्या म्हाताऱ्या शहाण्या जिवाकडून येऊ द्या. पण त्याला प्रवचन देऊ देऊ नका. एक वाक्य पुरे.

आणि शेवटी त्या जिवाला करण्यासारखं काहीतरी द्या. भीती वाटणाऱ्या मुलाला "भिऊ नको" म्हणून काही होत नाही. हाताला काम दिलं तर भीती जरा सरकून बसते.

सुरुवात म्हणून थोडी मांडणी करून देते. बाकीची तुम्ही भरा.

"एक गोऱ्हा होता. त्याचा बाप मोठा पांढरा बैल. रोज दुपारी गोऱ्हा रानात बापाला भेटून यायचा. एके दिवशी तो भेटून परतला, आणि मागं आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला. माळावरच्या उंच झाडावर वीज पडली होती. झाडाखाली बाप उभा होता. तो मेला. त्या दिवसापासून गोऱ्हा गव्हाणीच्या मागं लपू लागला. त्याला वाटायचं, मी भेटायला गेलो म्हणूनच बाप तिथं थांबला. हे तो कुणाला सांगायचा नाही. गोठ्यात एक म्हातारी म्हैस होती. ती काही विचारायची नाही. त्याच्या अंगाला अंग लावून नुसती बसायची. एके रात्री गोऱ्ह्यानं तिला सगळं सांगितलं. म्हैस म्हणाली, 'वीज कुणाच्या येण्याजाण्याकडं बघत नाही. ती उंच झाड बघते. तू गेलास म्हणून बापाला त्या दिवशी लेकरू दिसलं.' मग पुन्हा मृग आला. आभाळ काळं झालं. शेरडं धावत त्याच झाडाखाली निघाली. गोऱ्ह्याचे पाय गार पडले. पण त्यानं..."

इथं थांबा. पुढचं पान कोरं ठेवा, पेन्सिल त्याच्या हातात द्या आणि म्हणा, "मला पुढचं सुचत नाही, तूच सांग." तो लिहील, चितारील किंवा वही बंद करून निघून जाईल. गेला तर जाऊ द्या. वही दिसेल अशी ठेवा. गोऱ्हा पळाला असं त्यानं लिहिलं तरी "असं नको" म्हणू नका. गोष्ट त्याची आहे.

गोऱ्ह्याला काय करता येईल, तेही खरं ठाऊक असू द्या. लखलखलं की मोजायला लागायचं. तीन आकड्यांना साधारण एक किलोमीटर. तीस मोजायच्या आत गडगडलं तर वीज जवळ आहे, पक्क्या घरात शिरायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. एकट्या उंच झाडाखाली कधी नाही. तारेचं कुंपण, मोटार, पाणी यांपासून दूर. घर जवळ नसेल तर सखल जागी पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही, आणि चौघांनी एकाला एक चिकटून बसायचं नाही. पुण्याच्या हवामान संस्थेनं 'दामिनी' नावाचं ॲप काढलं आहे, त्यावर विजेची पूर्वसूचना मिळते. घरात मोबाइल असेल तर ते बघायचं काम या लेकराकडंच द्या. मोजायचं कामही त्याच्याकडंच. कणगीआड बसून मोजलं तरी चालेल. हळूहळू तो उंबऱ्यात येऊन मोजील.

गोष्ट दिवसा किंवा दिवेलागणीला वाचा, अंथरुणावर पडल्यावर नको. पाहुणे जमवून "म्हणून दाखव रे" असं कधी करू नका. आणि तुम्हाला वाचताना रडू आलं तर येऊ द्या. धन्याच्या आठवणीनं आई रडते, हे पोराला कळायला हवं. नाहीतर त्याला वाटतं, या घरात रडायचं नसतं.

एक महत्त्वाचं राहिलं. गोष्ट म्हणजे औषध नव्हे. वर्ष होऊन गेलं तरी झोप नाही, अंथरूण ओलं होतं, बोलणं तुटलं आहे, म्हणजे डॉक्टरांना दाखवायला हवं. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनाच्या आजाराचे डॉक्टर असतात. तोवर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ती 'टेली मानस' नावाची सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे. पोर मरणाच्या गोष्टी बोलू लागलं, जेवण टाकलं, स्वतःला इजा करू लागलं, तर एक दिवसही थांबू नका. दृष्ट काढा, अंगारा लावा, मी हसणार नाही. पण त्यापायी डॉक्टर लांबवू नका.

बाकीच्या वाचकांनाही चार शब्द. गावात असं लेकरू असेल तर पारावर हटकून "तुझ्या बापाचं कसं झालं रे?" असं विचारू नका. चुकचुकूही नका. त्याला आपल्या पोरांबरोबर बोरं खायला बोलवा. म्हाताऱ्या माणसांनी त्याच्याजवळ जरा नुसतं बसावं, त्या म्हशीसारखं.

किल्लारीकडची ती मुलगी आता चाळिशी ओलांडलेली बाई आहे. मध्यंतरी एका लग्नात भेटली. लेकीला पुढं करून म्हणाली, "बाई, हिला कावळ्याची गोष्ट पाठ आहे." मी विचारलं, "मग घरटं झालं का शेवटी?" तर म्हणाली, "हिनं केलं. मी नव्हतं केलं."

ताई, शंभर पानी वही आणा, पेरणी उरकली की बसा. गोऱ्ह्यानं पुढं काय केलं ते मला कळवा. पोराची ना नसेल तरच.

पुढच्या आठवड्यात भेटू. आभाळाकडं लक्ष ठेवा.